काकबळी, कायोटी आणि सोमवारचा अर्ज

शिकागोच्या पश्चिम उपनगरातल्या आपल्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्रिय शेजारमंडळी,

सप्रेम नमस्कार.

कोजागिरीला हॉलमध्ये मसाला दुधाच्या पातेल्याशेजारी एक अर्ज ठेवला होता. पेला उचलताना पेनही हाती येत होतं. मी दूध घेतलं, सही केली नाही. तेव्हापासून तिघांनी मला विचारलं, "तुम्ही त्या प्राणीवाल्यांपैकी आहात का?" नाही हो. कुणाचं कुत्रं प्रेमानं अंगावर आलं तरी मी पाय वर घेऊन बसते. तरीही या अर्जाला माझा विरोध आहे. प्रत्येकाला किराणा दुकानाच्या रांगेत वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना लिहावं, म्हणून हे पत्र. मराठीत लिहिते, कारण निम्म्याहून जास्त सह्या आपल्याच घरांतल्या आहेत.

ज्यांनी अर्ज न वाचता सही केली (आणि तसे बरेच आहेत, दुधाला मोठी रांग होती) त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या बोर्डाकडे दोन मागण्या आहेत. आपल्या उपनगराला कागदोपत्री 'व्हिलेज'च म्हणतात, याची मला अजून गंमत वाटते. पहिली मागणी: शिकारी नेमून तळ्याकाठचे आणि जुन्या रेल्वेमार्गावरच्या पायवाटेचे सगळे कायोटी (म्हणजे इथले ते कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) मारून टाकावेत. दुसरी: रहिवाशांना स्वतःच्या मागच्या अंगणात धनुष्यबाण किंवा छर्ऱ्याची बंदूक वापरायची मुभा द्यावी.

आधी लाडूबद्दल, म्हणजे कायोटीनं नेलेल्या त्या कुत्र्याबद्दल. तो गेला त्या रात्री मी त्या घरी होते. पाच किलोचं पांढरं कुत्रं, रात्री साडेदहाला नेहमीसारखं मागचं दार उघडून दोन मिनिटांसाठी बाहेर सोडलेलं. ओरडण्याचा आवाजसुद्धा धड आला नाही. टॉवेलात गुंडाळून त्याला गाडीत घेऊन बसलेली त्या घरातली मुलगी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तिला किंवा तिच्या आईवडिलांना 'सृष्टीचा नियम' वगैरे ऐकवायची माझी इच्छा नाही आणि लायकीही नाही. लायकी का नाही, ते पुढे येतंच आहे.

सप्टेंबरात सासऱ्यांच्या तिथीला मी दरवर्षीसारखं पान केलं. वरणभात, खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. काकबळी डेकच्या कठड्यावर ठेवला. कावळा काही आला नाही. इकडे कावळ्याची वाट बघणं हा तसाही संयमाचाच प्रकार. २००२ साली वेस्ट नाईल विषाणूची साथ आली तेव्हा शिकागोच्या आसपासचे कावळे पटापट मेले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. तर कावळा आला नाही, पण सकाळी पान चाटूनपुसून स्वच्छ. सासरे तृप्त झाले म्हणून मी हात जोडले. मग उरलेले वडे, दुसऱ्या दिवशीची पोळी, तिसऱ्या दिवशीचा भात असं ठेवत गेले. चौथ्या पहाटे कॅमेऱ्यात पाहिलं तर डेकवर कायोटी. अंगानं सडपातळ, शेपटी झुपकेदार, अगदी शांतपणे पोळी खात होता.

आणि मला हसू आलं. भारतातल्या नणंदेला मी तो व्हिडिओ पाठवला आणि दुसऱ्या रात्री मुद्दाम पोळी ठेवली.

सप्टेंबरात तो माझ्या डेकवर जेवला. ऑक्टोबरात तीन घरं सोडून लाडू गेला. तोच प्राणी होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तो नव्हता असंही म्हणता येत नाही. हे मी लाडूच्या घरी जाऊन सांगितलं आहे, आता तुम्हालाही सांगते. अर्जात 'कायोटी आपल्या वस्तीत घुसले आहेत' असं वाक्य आहे. माझ्याकडे तरी त्याला आमंत्रण होतं.

त्यानंतर मी वाचायला बसले. ग्रंथालयातून पुस्तकं आणली, वनराईवाल्यांच्या (म्हणजे फॉरेस्ट प्रिझर्व्हच्या) एका माहितीसत्राला जाऊन आले.

हा प्राणी आपल्या कोल्ह्याचा लांबचा भाऊ आणि लांडग्याचा जवळचा. आपल्याकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आज्या त्याला सरळ कोल्हाच म्हणतात, त्यात फारसं बिघडत नाही. 'कायोटी' हा शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'कोयोत्ल'वरून स्पॅनिशमधून इंग्रजीत आला. १८२३ साली थॉमस से या निसर्गअभ्यासकानं त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थ 'भुंकणारा कुत्रा'. तेव्हा हा पश्चिमेकडच्या माळरानांचा आणि वाळवंटांचा रहिवासी होता. मग गोऱ्या वसाहतवाल्यांनी पूर्वेकडची जंगलं तोडली, लांडगे मारून संपवले, आणि धाकट्याला मोकळं रान मिळालं. आज हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. १९५० च्या दशकापासून त्याचा प्रदेश निदान चाळीस टक्क्यांनी वाढला. त्याच काळात सरकार त्याला मारतही होतं, हे लक्षात ठेवा, त्यावर मी परत येणार आहे.

शिकागो या बाबतीत नशीबवान. कायोटीचा जगातला सगळ्यात दीर्घ शहरी अभ्यास इथेच चालू आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाचे डॉ. स्टॅन्ली गेर्ट २००० सालापासून कुक काउंटी (म्हणजे शिकागोची काउंटी) आणि आसपास कायोटी पकडतात, त्यांना रेडिओ-पट्टा घालतात आणि सोडून त्यांच्या मागावर राहतात. आजवर हजाराच्या वर झाले. त्यांच्या माणसांना भर डाउनटाउनमध्ये रेल्वेरुळांच्या कडेनं, दफनभूमीत, गोल्फच्या मैदानांवर नांदणारी कुटुंबं सापडली. सोल्जर फील्ड स्टेडियमच्या समोर, पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर एका जोडीनं पिल्लं वाढवली. आणि २००७ च्या एप्रिलमधला तो प्रसंग तर तुम्हाला आठवतच असेल: डाउनटाउनच्या लूप भागातल्या एका सँडविचच्या दुकानात दुपारी एक कायोटी शिरला आणि शीतपेयांच्या उघड्या फ्रिजमध्ये बाटल्यांवर जाऊन पहुडला. उन्हाळा जवळ आला होता, दुसरं काय.

ते खातात काय? गेर्ट यांच्या गटानं चौदाशेच्या वर विष्ठांचे नमुने तपासले. त्यांत ४२ टक्क्यांत छोटे उंदीरवर्गी प्राणी, २३ टक्क्यांत फळं, २२ टक्क्यांत हरीण, १८ टक्क्यांत ससे. माणसाच्या अन्नाशी जोडलेल्या वस्तू दोनेक टक्क्यांत, पाळीव मांजर सव्वा टक्क्याच्या आसपास. शिवाय आपल्या तळ्याभोवतीच्या त्या कॅनडा हंसांची अंडी. चालताना बुटाला जे लागतं ते ज्यांच्यामुळे लागतं, त्यांची वाढ थोपवायला हाच भाऊ रात्री राबतो. अर्थात हरणाचं मांस म्हणजे बरंचसं गाडीखाली मेलेलं किंवा नुकतं जन्मलेलं पाडस, हेही सांगायला हवं. साधुसंत कुणी नाही.

ही आकडेवारी ऐकून लाडूच्या घरी कुणाला बरं वाटेल असं मला वाटत नाही. सव्वा टक्का आपल्या दारात आला की शंभर टक्के असतो. म्हणून भीतीबद्दल सरळ बोलू.

कायोटीनं माणूस मारल्याच्या नोंदलेल्या घटना उभ्या उत्तर अमेरिकेत दोन. १९८१ साली कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला तीन वर्षांची मुलगी, आणि २००९ साली कॅनडात केप ब्रेटनच्या राष्ट्रीय उद्यानात एकटी फिरणारी १९ वर्षांची गायिका. चावण्याच्या घटना याहून खूप अधिक आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. २०२० च्या जानेवारीत आपल्या लिंकन पार्कजवळ एका लहान मुलाला कायोटी चावला. याच देशात कुत्री वर्षाला सुमारे ४५ लाख वेळा माणसांना चावतात, असा सरकारी आरोग्यखात्याचा अंदाज आहे, पण त्यासाठी आपण कुत्र्यांविरुद्ध सह्या गोळा करत नाही. रेबीजची धास्ती आपल्याला तिकडून येताना सामानाबरोबर आलेली असते. इलिनॉयमध्ये रेबीज सापडतो तो मुख्यतः वटवाघळांत. तरीही कुठलाही प्राणी चावला तर डॉक्टर गाठायचा, त्यात चर्चा नाही.

पण चावणारे कायोटी कोण असतात, इकडे नीट बघा. २०२२ च्या मे महिन्यात डॅलसमध्ये घराच्या पुढच्या ओट्यावर बसलेल्या दोन वर्षांच्या मुलावर हल्ला झाला. पोर वाचलं, पण जखमा भयंकर होत्या. नंतर कळलं, की शेजारपाजारचे लोक त्या कायोटीला हातानं खाऊ घालत होते, कुरवाळतही होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला मोरागा आणि लाफायेट या दोन उपनगरांत जुलै २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात पाच जणांना चावे बसले. लोकांना वाटलं, टोळीच फिरते आहे. जखमांवरच्या लाळेतून डीएनए तपासला तर पाचही चावे एकाच कायोटीचे. मार्चमध्ये तेवढा एक पकडून मारला.

असा सोकावलेला एक मारायला माझा विरोध नाही. आपल्या इथे तसा निघाला तर मी स्वतः फोन करीन. माझा विरोध 'सगळे' या शब्दाला आहे. कारण साधं आहे: सगळे मारता येत नाहीत, आणि मारायला गेलं की वाढतात.

हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, मलाही वाटलं होतं. कायोटी जोडीनं राहतात. गेर्ट यांच्या गटानं २३६ कायोटींची जनुकं तपासली तर जोडीदार जिवंत असताना बाहेर गेलेला एकही सापडला नाही. (मंडळाच्या नाटकाला विषय चांगला आहे.) ही जोडी शिकागोत सरासरी दोन चौरस मैलांहून कमी हद्द धरून बसते, बाहेरच्यांना घुसू देत नाही, आणि सहसा कळपात फक्त तिलाच पिल्लं होतात. ही जोडी मारली की हद्द मोकळी. आपल्याच वर्तमानपत्रात भाड्याच्या घराची जाहिरात दिल्यासारखं ते असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आधीच वर्षाची पिल्लं आईबापाचं घर सोडून जागा शोधत हिंडत असतात, म्हणून तर सध्या ते जास्त दिसतात. ती भटकी तरुण मंडळी येऊन बसतात. एका जोडीच्या जागी दोन होतात, गर्दी कमी आणि उंदीर मुबलक असले की एका वेताला पिल्लंही जास्त जगतात. जुन्या जोडीला निदान आपली वेळ, आपल्या गाड्या आणि आपल्या कचऱ्याचा वार माहीत असतो. नव्यांना काहीच माहीत नसतं.

१९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी गणित मांडलं होतं. एखाद्या भागातले कायोटी संपवायचे तर दरवर्षी त्यांतले ७५ टक्के मारावे लागतील, आणि तेही पन्नासएक वर्षं सलग. आपल्या मंडळाला सलग दोन वर्षं खजिनदार मिळत नाही.

आणि हा नुसता कागदावरचा हिशेब म्हणावा, तर प्रयोगही होऊन गेला आहे. १९३१ साली अमेरिकी संसदेनं उपद्रवी प्राणी मारायचा कायदा केला. तेव्हापासून केंद्र सरकारची माणसं बंदुका, सापळे, विष आणि पुढे विमानं-हेलिकॉप्टरं घेऊन या प्राण्याच्या मागे आहेत. विषाचा अतिरेक एवढा झाला की १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना केंद्राच्या जमिनींवर ते थांबवायचा हुकूम काढावा लागला. त्यानंतरही मारणं चालूच आहे. अलीकडच्या काही वर्षांत एकट्या केंद्रीय खात्यानं मारलेल्यांचा आकडा वर्षाला साठ हजारांच्या वर गेला आहे, खासगी शिकारी वेगळे. आणि याच नव्वद वर्षांत हा प्राणी पश्चिमेकडच्या माळावरून निघून न्यूयॉर्कच्या बागांपर्यंत आणि दक्षिणेला पनामापर्यंत पोचला. ज्याला सरकारी हेलिकॉप्टर आवरू शकलं नाही, त्याला आपण मागच्या अंगणातून धनुष्यबाण मारून आवरणार?

दुसऱ्या मागणीबद्दल मला जरा रागच आला, तेव्हा ते थोडक्यात. इलिनॉयमध्ये कायोटीची शिकार जवळजवळ वर्षभर खुली आहे, परवाना लागतो एवढंच. पण राज्याचा कायदाच सांगतो, की वस्ती असलेल्या घरापासून ३०० यार्डांच्या आत त्या घरवाल्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडायची नाही. छर्रे किंवा बाण असतील तर हीच मर्यादा १०० यार्ड. आपली घरं एकमेकांपासून किती लांब आहेत? माझ्या स्वयंपाकघरातून शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी मोजता येते. शंभर यार्डांत आमच्या गल्लीतली सगळी घरं, झोके, ट्रॅम्पोलिनं आणि एक पाळणाघर येतं. एवढ्या सगळ्यांची लेखी परवानगी कोण आणणार? आणि संध्याकाळी साडेसहाच्या अंधारात कुंपणापलीकडे हललेलं ते कायोटी होतं की कुणाचा सायकलवरून परतणारा मुलगा, हे बाण ठरवणार का? लांडगा, कायोटी आणि शेजाऱ्यांचा जर्मन शेफर्ड यांत फरक न कळणारे आपल्यात निदान चार जण आहेत. नावं घेत नाही. मी त्यांतली एक आहे.

पहिल्या मागणीसाठी शेजारी बघायला लांब जायला नको. २०१० च्या सुमारास आपल्याच काउंटीत व्हीटनमध्ये कुत्र्यांवर हल्ले झाले म्हणून शहरानं सापळेवाला नेमला. काही कायोटी मारले गेले. गाव उभं फुटलं, सभांमधून आरडाओरडा झाला. आज व्हीटनमध्ये कायोटी आहेतच. मॅसॅच्युसेट्समधलं नाहंट हे समुद्रात शिरलेलं चिमुकलं गाव. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या बोर्डानं केंद्रीय खात्याचे नेमबाज बोलवायचं ठरवलं, त्या राज्यात असं करणारं पहिलंच. पण नाहंट जेमतेम एक चौरस मैलाचं आहे आणि जमिनीकडून तिथे यायला एकच रस्ता आहे. आपल्याकडे नदी आहे, तीन बाजूंनी रूळ आहेत, विजेच्या तारांखालची गवताची पट्टी आहे. कायोटीच्या दृष्टीनं हे सगळे महामार्गच, तेही टोलविना.

आणि नेमबाज कितीही तयारीचा असला तरी चुकीचाच प्राणी मरू शकतो. जून २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या वनस्पती-उद्यानात पाच वर्षांच्या मुलीला कायोटी चावला. सरकारी माणसांनी तीन कायोटींना गोळ्या घातल्या. डीएनए एकाचाच जुळला.

काही जणांनी मला मधला मार्ग सुचवला: "मारू नका, पकडून लांब जंगलात नेऊन सोडा." हा मार्ग दिसायला मोठा अहिंसक आहे, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते, कारण मी जुन्नर तालुक्यातली आहे. २००१ नंतर आमच्याकडे बिबट्यांचं काय झालं, हे तुमच्यातल्या पुणे-नगरकडच्या मंडळींना सांगायला नको. उसात बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, पकडायचा आणि डोंगरापलीकडच्या जंगलात नेऊन सोडायचा, असा धडाका चालला होता. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर याचा हिशेब मांडला. जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते या सोडासोडीच्या काळात, २००१ ते २००३ मध्ये, वर्षाला १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेलं बिथरलेलं जनावर, दुसरं काय करणार ते? माझा भाऊ तेव्हा संध्याकाळी मोटार चालू करायला शेतात जाताना एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात चालू रेडिओ घेऊन जायचा. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले पिंजरे भरत गेले आणि उसात नवे बिबटे येत राहिले.

बिबट्या आणि कायोटी यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे, हे मला कळतं. अलीकडे जुन्नर-शिरूरकडून पुन्हा ज्या बातम्या येताहेत त्या वाचून छातीत धस्स होतं, आणि तिथल्या माणसाला इथे बसून मी काही शिकवणार नाही. कायोटी दहा ते सोळा किलोचा प्राणी आहे, बिबट्या नव्हे. पण उचलून लांब सोडण्याचा अनुभव इथेही तोच. गेर्ट यांनी असे हलवलेले कायोटी पाहिले. त्यांतला एकही सोडलेल्या जागी राहिला नाही, बहुतेक परतीच्या वाटेवर गाडीखाली किंवा गोळीनं मेले. म्हणजे मारायचंच, फक्त आपल्याला दिसणार नाही अशा ठिकाणी.

मग करायचं काय? कंटाळवाणी कामं आहेत. फटाफट सांगते.

डेकवरचं, ओट्यावरचं, झाडाखालचं सगळं अन्न बंद. यात आपली घरं आघाडीवर आहेत, वाईट वाटून घेऊ नका. शिळी पोळी खारींना, भात चिमण्यांना, मांजराची वाटी गराजबाहेर, हे सगळं आपल्याला पुण्याचं वाटतं. इथल्या हवेत पक्ष्यांच्या दाण्यांखाली उंदीर जमतात आणि उंदरांमागे तो येतो. क्रॅबॲपलची, म्हणजे त्या छोट्या आंबट सफरचंदांची, पडलेली फळं उचला. कचऱ्याची पिंपं आदल्या रात्री न काढता सकाळी काढा. लहान कुत्रं असेल तर रात्री त्याच्याबरोबर स्वतः बाहेर जा, सहा फुटांचा दोर हातात धरून. ती लांब सुटणारी दोरी नको. त्याला तुमच्या अंगणात एकटं सोडणं म्हणजे, फेब्रुवारीतल्या जोडी जमण्याच्या आणि एप्रिलपासूनच्या पिल्लांच्या दिवसांत तर विशेषच, त्या जोडीच्या हद्दीत परका कुत्रा सोडणं आहे. त्यांना ते तसंच दिसतं.

आणि दिसला की हुसकवा. इंग्रजीत याला 'हेझिंग' असं भारदस्त नाव आहे आणि त्याची प्रशिक्षणं होतात, पण आपल्याला हे आजीनं फुकट शिकवलेलं आहे. हात वर करा, पाय आपटा, त्याच्याकडे बघत पुढे सरका आणि पोटातून ओरडा: हाड्! तो लांब जाऊन मागे वळून बघेल. थांबायचं नाही, पूर्ण नाहीसा होईपर्यंत ओरडायचं. पाठ फिरवून पळायचं तर मुळीच नाही. आपली मंडळी उलट करतात. खिडकीतून फोनवर चित्रीकरण करतात आणि मुलांना "हळू बोल, जाईल तो" म्हणतात. जायलाच हवा की! मीही तेच केलं होतं. फक्त पिल्लांच्या दिवसांत बिळाजवळ असला तर त्याला वाट द्या आणि आपण दुसऱ्या वाटेनं जा.

बोर्डाकडे मागायचंच असेल तर हे मागू या. वन्यप्राण्यांना खाऊ घालण्यावर दंडासहित बंदी, आणि पहिली पावती माझ्या नावानं फाडली तरी चालेल. कायोटी दिसला, पाठलाग केला, कुत्र्यावर गेला, माणसावर गेला, यांतलं काय घडलं हे वेगवेगळं नोंदवायची सोय, म्हणजे सोकावत चाललेला प्राणी वेळेत कळेल. तो कळला की राज्याच्या वन्यजीव खात्याची परवानगी असलेला जाणकार माणूस बोलावून तेवढाच काढायचा. तळ्यामागच्या पायवाटेचे तीन दिवे दोन वर्षांपासून बंद आहेत, तेही याच अर्जात घालता येतील.

ज्यांनी सही केली आहे त्यांच्यावर माझा राग नाही. लाडूच्या घरच्यांवर तर नाहीच. त्यांनी सही ठेवली तरी त्यांच्या दारात माझं जाणं-येणं तसंच राहील, हे मी त्यांना सांगून आले आहे. ज्यांना सही मागे घ्यायची आहे त्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत व्हिलेज क्लार्कना दोन ओळी पाठवाव्यात. सभा सोमवारी संध्याकाळी सात वाजता आहे. बोलायला प्रत्येकी तीनच मिनिटं मिळतात आणि मला तेवढ्यात आवरत नाही हे तुम्ही जाणताच, तेव्हा दोघातिघांनी मुद्दे वाटून घेऊ. माझ्या गाडीत पाच जागा रिकाम्या आहेत. साडेसहाला निघेन.

रविवारी सकाळी दहाला हॉलमागच्या क्रॅबॲपलच्या झाडांखालची फळं उचलायची आहेत. हातमोजे आणा, पोती मी आणते. पोहे मिळतील, आतमध्ये बसून खायचे.

तुमची शेजारीण

ता. क. सासऱ्यांच्या पुढल्या तिथीबद्दल गुरुजींना फोन करून विचारलं. ते म्हणाले, बाहेर ठेवायची सोय नसेल तर पान गायीला किंवा वाहत्या पाण्यात द्यावं. गाय इथून चाळीस मैलांवर आहे आणि नदीत काही टाकलं तर दंड आहे. कुणाकडे याहून बरा उपाय असेल तर कळवा.